बेळगावचा ध्रुव आणि वेंगुर्ल्याचा ध्रुव एकाच उंचीवर?

शहापूरकर
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या आठवड्यात मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला वेंगुर्ल्याला जाऊन आलो. लग्न आटपल्यावर बंदरावर गेलो आणि धक्क्यावर उभं राहून सहज मोबाईलमध्ये अक्षांश बघितला: १५.८६. काल बेळगावात, शहापुरातल्या आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून पुन्हा बघितला: १५.८५. चष्मा पुसून परत बघितला. तेवढाच.

आंबोलीचा घाट, ती वळणं, नातवाची उलटी, एवढं सगळं करून आपण वेंगुर्ल्याला पोचतो आणि उत्तर-दक्षिणेच्या हिशोबात जागचे हललेलोच नसतो. नुसते पश्चिमेला घसरतो.

३१ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण आमच्या गच्चीवरचा ध्रुव आणि वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरचा ध्रुव एकाच उंचीवर असतो हे साठीनंतर कळलं. आता डोक्यात किडा वळवळतो आहे. जुन्या काळी बेळगावकडचा माल रामघाटानं बैलांच्या पाठीवरून वेंगुर्ल्याला उतरायचा आणि तिथून गलबतात चढायचा. त्या गलबताला परत येताना वेंगुर्ला सापडायचं कसं? नुसता ध्रुव बघून? आणि हल्ली जहाजावर कोणी आकाशाकडे बघतं का, की सगळा कारभार स्क्रीनवरच?

मी कोन मोजायचं यंत्र करायला घेतलंय. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला ओळंबा म्हणून सायकलचा नट.

हलकट_प्रश्न
रविवार, रात्री ९:५२

ओ सर, खिशात मोबाईल हाय की. त्यानं एका सेकंदात सांगितलं तुमाला. मग ह्यो नट कशाला?

शहापूरकर
रविवार, रात्री ९:५८

मोबाईलला कोणी सांगितलं, हाच तर प्रश्न आहे.

खाडीवरची
रविवार, रात्री १०:३०

माहेर वेंगुर्ल्याजवळचं, सासर निपाणी. बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते, आता थकलेत. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि थोडं डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

ध्रुव ते बघायचे, पण दिशेपुरता. 'घर कुठल्या अंगाला' एवढं कळण्यासाठी. रोजच्या मासेमारीला अक्षांश लागत नाही, डोंगर लागतो. बाबांची एक जागा होती, पाण्याखाली खडक आणि त्यावर मासळी. ती ते दोन जोड्यांनी धरायचे. देवळाचं शिखर मागच्या डोंगराच्या खिंडीत बसलं की एक रेघ. दुसऱ्या अंगाला एका वाडीतला उंच माड आणि त्याच्या मागचा कातळ एकावर एक आले की दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकदम जुळल्या की इंजिन बंद. त्या माडावर वीज पडली त्या वर्षी बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. आई म्हणायची, कोणी मेलं तरी एवढं करत नाहीत.

रात्री किंवा पाऊस असला की शिशाचा गोळा. लांब दोरीला बांधलेला, दोरीवर वावावावानं खुणा. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. गोळा तळाला टेकवून वर ओढला की चरबीला तळ चिकटून येतो. काळा चिखल आला तर अजून बाहेर आहोत, शिंपल्यांचा चुरा आला तर खडकांपासून जपा. बाबा तो चुरा बोटांनी चोळून वास घ्यायचे. 'पाणी सांगता, तू आयक,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढे बोटीवर जीपीएस आला. बाबांनी सगळ्या जागांचे आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ते पान ट्रंकेत कुलपात ठेवलं. आता पोरं तेच आकडे एकमेकांना फोनवरून पाठवतात.

सेकंड_मेट
सोमवार, सकाळी ७:१५

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर, सध्या सुट्टीवर घरी. जहाजावर नॅव्हिगेशन हे सेकंड मेटचंच खातं असतं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

सर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. जुने अरबी आणि आपल्या किनाऱ्यावरचे मालम, म्हणजे जहाजाचे वाटाडे, नेमकं हेच करायचे. घरच्या बंदरावर ध्रुव किती उंच आहे ते पाठ. समुद्रात आधी उत्तरेला किंवा दक्षिणेला जाऊन ध्रुव तेवढ्या उंचीवर आणायचा आणि मग ती उंची न सोडता सरळ पूर्वेला चालत राहायचं. किनारा येतो तेव्हा समोर आपलंच बंदर. म्हणजे शहापूरच्या गच्चीवरचा ध्रुव डोळ्यांसमोर ठेवून अरबी समुद्रातून पूर्वेला आलात तर वेंगुर्ल्याच्या आसपास लागाल.

उंची मोजायला 'कमल' नावाचं साधन होतं. लाकडाची छोटी चौकोनी पाटी, मध्ये भोक, त्यातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला लावायची. प्रत्येक बंदराची गाठ वेगळी. कोन मोजायचा तो 'इस्बा'त, म्हणजे बोटात. एक बोट म्हणजे साधारण १ अंश ३७ मिनिटं. बेळगाव-वेंगुर्ला दहा बोटांवर बसतं. बोटीवरची बोटं, असा विनोद आमच्या ट्रेनिंगमध्ये एकाने केला होता आणि शिक्षा म्हणून डेक घासला होता.

घरी करून बघा. पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब असतं. ते उभं धरून डोळ्यापासून ५० सेंटीमीटरवर ठेवलं की बरोबर १६ अंश झाकले जातात. फक्त बेळगावात त्याचा उपयोग नाही, कारण तुम्हाला क्षितिज नाही. यळ्ळूरचा गड आणि शेजाऱ्याची टाकी आहे. तिथे तुमचा नट बरा. समुद्रावर उलटं: क्षितिज भरपूर, पण ओळंबा स्थिर राहत नाही. वास्को द गामाची माणसं म्हणूनच अॅस्ट्रोलेब, म्हणजे टांगून कोन मोजायचं यंत्र, घेऊन किनाऱ्यावर उतरायची. हलत्या डेकवर ते यंत्र झोके घेतं.

आता खरी गोम. एवढ्यानं उत्तर-दक्षिण कळलं. पूर्व-पश्चिम? ध्रुवाला विचारलं तर तो वेंगुर्ला आणि बेळगाव यांत फरकच करत नाही. तिथे घड्याळ लागतं. ते संध्याकाळी लिहितो, आई हाका मारते आहे.

कित्तूरकन्या
सोमवार, सकाळी ८:०५

वाचतेय. पोस्टकार्ड मिळवायला पोस्टात जावं लागणार. मागच्या वेळी मागितलं तर काउंटरवरच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं.

सनातन_सारथी
सोमवार, सकाळी ९:२०

आपल्या लोकांना आपलंच माहीत नाही. 'नॅव्हिगेशन' हा शब्द मुळात संस्कृत 'नवगती'वरून आला आहे. जगाला समुद्र आपण शिकवला. व्हॉट्सअॅपवर आलेला लेख इथे डकवतो...

*(संपादक: लांबलचक मजकूर काढला आहे. फॉरवर्ड इथे डकवू नयेत, स्वतःचं लिहावं.)*

मोडीवाचक
सोमवार, सकाळी १०:४५

सारथीसाहेब, नवगती नाही हो. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं, त्यावरून 'नाविगारे' आणि त्यावरून इंग्रजी शब्द. 'नाविस' आणि आपली 'नौ' या सख्ख्या बहिणी आहेत, एकीच्या पोटी दुसरी जन्मलेली नाही.

अभिमानच बाळगायचा तर घरातल्या शब्दांचा बाळगा की. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा'वरून, नावेचा धनी. त्यातही तीच नौ बसली आहे. 'मालम' हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिकवणारा, वाटाड्या. कोकणच्या बंदरात अरबी, फारसी, गुजराती, मराठी सगळं एका पाटात वाढलेलं असायचं, शब्द कोणाचा कोण विचारतो.

आणि होकायंत्राचं म्हणाल तर त्याचा भक्कम लेखी पुरावा आहे. १२८२ मध्ये बैलक अल-किबजाकी या लेखकानं लिहून ठेवलंय की हिंदी महासागरातले कप्तान पोकळ लोखंडी मासा पाण्यात सोडतात आणि त्याचं डोकं-शेपूट उत्तर-दक्षिण राहतं. त्याआधी चीनमध्ये शेन को यानं १०८८ च्या सुमारास चुंबकीय सुईबद्दल लिहिलंय. म्हणजे आपल्याच समुद्रात मासा होता हे खरं, पण तो पहिला आपणच सोडला असं छाती ठोकून सांगायची गरज नाही.

सनातन_सारथी
सोमवार, सकाळी ११:०२

लोखंडी मासा होता ना? मग झालं तर.

हलकट_प्रश्न
सोमवार, सकाळी ११:१०

ह्यो एकच मासा हाय जो बेळगावच्या मासळी बाजारात मिळत न्हाई.

सेकंड_मेट
सोमवार, सायंकाळी ६:३०

सकाळचं अर्धवट राहिलेलं.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. आपलं भारतीय घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, बेळगाव ७४.५ वर. आठ अंश पश्चिमेला, म्हणून आपला खरा मध्यान्ह बाराला होत नाही, सरासरी १२:३२ ला होतो. वेंगुर्ला आणखी थोडं पश्चिमेला, ७३.६ च्या आसपास. तिथे सूर्य माथ्यावर यायला बेळगावपेक्षा सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागतात.

वेंगुर्ला आणि बेळगाव यांतला समुद्रावरून ओळखता येण्याजोगा फरक हा एवढाच आहे: साडेतीन मिनिटं. जहाजावरचं घड्याळ साडेतीन मिनिटं मागे पडलं असेल तर हिशोबात तुम्ही वेंगुर्ल्याच्या बंदरात नसता, बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकात असता.

अठराव्या शतकापर्यंत समुद्रावर अशी वेळ राखणारं घड्याळच नव्हतं. लंबकाचं घड्याळ जहाज हललं की वेडं होतं. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजं खडकांवर आपटली, दीड हजाराच्या आसपास माणसं गेली. १७१४ मध्ये पार्लमेंटनं रेखांश शोधणाऱ्याला मोठं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या मूळच्या सुतारानं आयुष्य घालवून १७५९ मध्ये चौथं घड्याळ पुरं केलं, हाताच्या पंजात मावेल एवढं. जमैकाच्या सफरीत ते काही सेकंदांपलीकडे चुकलं नाही. बक्षिसाचे पैसे मात्र म्हाताऱ्याला रडवून रडवून दिले.

तोवर काय करायचे? अंदाज. वेग, दिशा, वेळ यांचा गुणाकार. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून, टोकाला लाकडी फळी बांधून ती मागे समुद्रात सोडायची. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. आजही आम्ही जहाजाचा वेग 'नॉट'मध्येच, म्हणजे गाठींत सांगतो. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेही तेवढंच, म्हणून आमचे हिशोब सोपे.

मलप्रभा
सोमवार, रात्री ८:१५

फार सुंदर. पण एक विचारू का? हे सगळं इतिहास म्हणून ठीक. आज जीपीएस असताना तुम्हाला सेक्स्टंट, ते सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, शिकवतात तो परीक्षेपुरताच ना? प्रामाणिकपणे सांगा.

सेकंड_मेट
सोमवार, रात्री ९:००

प्रामाणिकपणे सांगतो. बऱ्याच जहाजांवर सेक्स्टंट पेटीतच असतो. होकायंत्राची चूक काढायला सूर्याची दिशा मात्र आम्ही घेतोच.

पण गेल्या काही वर्षांत होर्मुझ आणि लाल समुद्राच्या बाजूला जीपीएस जाम करणं, खोटा सिग्नल सोडणं नेहमीचं झालंय. आमच्या जहाजावर माझ्याच वॉचला झालं. बारा ते चार, मध्यरात्रीनंतरचा वॉच. एकडिसवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकाशावर, जहाज सरळ चाललं होतं ते एकदम उडी मारून जमिनीवर गेलं. अलार्म वाजायला लागले, एक बंद केला की दुसरा. आजूबाजूची जहाजंही स्क्रीनवर एका जागी गोळा होऊन गोल गोल फिरायला लागली, कारण एआयएसवर, म्हणजे जहाजांनी एकमेकांना आपली जागा कळवायच्या यंत्रणेवर, जो तो आपली चुकीची जागा प्रामाणिकपणे सांगत असतो. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातही असंच झालं होतं. नोव्होरोसिस्कजवळची वीसेक जहाजं स्क्रीनवर विमानतळावर जाऊन बसली होती. आपल्याकडे म्हणजे वेंगुर्ल्याची बोट बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर.

मग सेक्स्टंट काढला का? नाही. अरुंद जागेत, रात्री, दाट रहदारीत तारे मोजत बसायला वेळ नसतो. रडार लावलं, बेटांची अंतरं घेतली, दीपगृहाची दिशा घेतली, खोली बघितली आणि चार्टवर हातानं जागा मांडली. थोडक्यात, खाडीवरची यांच्या बाबांनी जे माड, देऊळ आणि शिशाचा गोळा घेऊन केलं तेच मी रडार आणि इको साउंडर घेऊन केलं. त्यांचा प्रतिसाद वाचताना हसू आलं ते म्हणूनच.

माझ्यासोबतचा कॅडेट हुशार पोरगा, पण त्याला खिडकीतून बाहेर बघायचं सुचलंच नाही. दीपगृह डोळ्यांसमोर लुकलुकत होतं आणि तो स्क्रीनवरची जागा परत परत रिफ्रेश करत होता. त्याला दोष देत नाही. मीही पहिल्या वर्षी तसाच होतो.

अमेरिकेच्या नौदल अकादमीनं ताऱ्यांवरून मार्ग काढायचं शिक्षण मध्ये बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये परत सुरू केलं. हौस म्हणून नाही.

यळ्ळूरचा_वारा
सोमवार, रात्री १०:२०

इलेक्ट्रॉनिक्सवाला असल्यामुळे जीपीएसच्या बाजूनं दोन शब्द. लोकांना वाटतं उपग्रह आपल्याला 'बघतो'. तो काहीच बघत नाही. २०,२०० किलोमीटर वरून तो फक्त 'माझ्याकडे आत्ता इतके वाजले, मी अमुक ठिकाणी आहे' असं ओरडत असतो. सिग्नल किती उशिरा पोचला यावरून मोबाईल अंतर काढतो. निदान चार उपग्रह दिसले की जागा पक्की. एक मायक्रोसेकंद चुकलं तर ३०० मीटरचा फरक. उपग्रहावरचं घड्याळ सापेक्षतेमुळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते सुधारलं नाही तर एका दिवसात १० किलोमीटरच्या वर चूक साठेल.

म्हणजे हॅरिसनपासून आजपर्यंत सगळी गाडी घड्याळावरच चालू आहे. आपल्या नाविकचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएसचं, दुखणंही तेच निघालं. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं, म्हणजे अणुघड्याळं, बंद पडली. ती परदेशी बनावटीची होती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर इस्रोनं पहिल्यांदा देशी रुबिडियम घड्याळ बसवलं.

आणि सिग्नल इतका दुबळा असतो की तो दाबायला मोठं काही लागत नाही. बाजारात समोरच्या दुकानाचा लाऊडस्पीकर चालू असताना शेजारचा माणूस कुजबुजतोय, तसं.

बेळगावी_बाणा
सोमवार, रात्री १०:४०

सेकंड मेट, जहाजावर तुमच्या गावाचं नाव कुठल्या राज्यात लिहिता? आणि सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तकावर, बेळगाव की बेळगा...

*(संपादक: प्रतिसाद इथेच थांबवला आहे. त्यासाठी आपल्याकडे वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसादांचा. तिकडे या, मीही येतो.)*

सेकंड_मेट
मंगळवार, सकाळी ७:००

बाणासाहेबांना वेगळं उत्तर देतो. आमच्या खानापूरच्या जंगलात म्हादई उगम पावते. तिच्या नावाची शिडाची बोट, आयएनएसव्ही म्हादई, गोव्यात बांधली गेली. तीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. पुढे टॉमी अशा शर्यतीत उतरले जिथे १९६८ च्या आधीचंच तंत्रज्ञान वापरायचं, जीपीएस सीलबंद पेटीत, मार्ग सेक्स्टंटवर. २०१८ मध्ये वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली. २०२२ मध्ये परत गेले आणि दुसरे आले. आमच्या ओढ्याचं पाणी कुठवर गेलं बघा.

मोडीवाचक
मंगळवार, सकाळी ९:३०

त्यात कारवारचंही घाला. मे २०२५ मध्ये तिथे नौदलानं आयएनएसव्ही कौंडिण्य दाखल करून घेतली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेली, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, खिळा एकही नाही. शिडावर गंडभेरुंड आहे, तो तर आपल्याकडच्या लोकांना एसटीवरही ओळखीचा.

शहापूरकर
शुक्रवार, रात्री ८:५०

अहवाल. आज रात्री आठ वाजता गच्चीवर गेलो. सप्तर्षी कुठेच दिसेनात, ते अजून उगवायचे होते. शर्मिष्ठेच्या इंग्रजी एमवरून उत्तरेला ध्रुव शोधला. फिकट आहे, आमच्या गल्लीतला नवा एलईडी त्याच्यावर मात करतो. नातवाला दिव्याच्या बाजूला चादर धरून उभं केलं.

कोनमापकाच्या कडेवरून तारा बघायचा आणि दोरा कुठे टेकतो ते हिनं बॅटरी लावून वाचायचं. पाच वाचनं: १६, १७, १६.५, १६.५, १७. सरासरी १६.६. आणि यायला हवं १५.८५. पाऊण अंशाची चूक, म्हणजे ८० किलोमीटर! जवळजवळ कोल्हापूरला जाऊन पोचलो. ३१ वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही. नट जड घेऊन उद्या परत करतो.

सेकंड_मेट
शुक्रवार, रात्री ९:२०

सर, नट बदलू नका! तुमचं वाचन जवळजवळ बरोबर आहे.

ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्यावर, नाही. तो त्याच्यापासून अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त लांब आहे आणि त्याच्याभोवती छोटी प्रदक्षिणा घालतो. जानेवारीत रात्री आठला तो त्या प्रदक्षिणेत सगळ्यात वर असतो. शर्मिष्ठा वर असली की ध्रुवही बिंदूच्या वर, ही आमची खूणगाठ. म्हणजे तुम्हाला आज १६.५ च यायला हवं होतं, तुम्हाला १६.६ आलं. चूक ०.१ अंश, सुमारे ११ किलोमीटर. सायकलच्या नटानं. मी टोपी काढतो.

वास्को द गामाच्या काळात तर ध्रुव बिंदूपासून जवळपास साडेतीन अंश लांब होता. नुसती उंची घेऊन चालले असते तर पावणेचारशे किलोमीटर इकडे-तिकडे झाले असते. म्हणून जुने मालम 'अमुक तारे अमुक ठिकाणी आले की मगच ध्रुव मोजायचा' असं पाठ करून ठेवायचे. ते पाठांतर म्हणजे आमचं नॉटिकल अलमनॅक, जहाजावरचं पंचांग.

खाडीवरची
शुक्रवार, रात्री ९:४५

बाबांना फोनवर हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ध्रुव हलतो ते त्यांना ठाऊक होतं. मग कधी सांगितलं का नाही? 'कोणी इचारूक नाय.'

शहापूरकर
शुक्रवार, रात्री १०:०५

काय बोलू. झोप लागेल आता.

सेकंड_मेट
शुक्रवार, रात्री १०:१०

रविवारी शहापुरात येतो सेक्स्टंट घेऊन, माझा स्वतःचा जुना आहे. क्षितिज नाही तर ताटात क्षितिज करू. ताटात घट्ट द्रव ओतायचा, त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं. सेक्स्टंटमधून वरचा सूर्य आणि ताटातला सूर्य एकमेकांवर बसवायचे, येणारा कोन अर्धा करायचा. पूर्वी पारा वापरायचे, नाहीतर काकवी. काकवी वाऱ्यानं हलत नाही. तुमच्याकडे असेल तर ठेवा काढून.

हलकट_प्रश्न
शुक्रवार, रात्री १०:१४

अख्खा जिल्हा उसाचा, काकवी हाय का म्हणून विचारूलालेत.

शहापूरकर
रविवार, दुपारी ३:३०

झालं एकदाचं. परातीत दीड लिटर काकवी, वर सेकंड मेट वाकलेले, डोळ्यांपुढे काळी काच, हातात तो पितळेचा चाप. मेव्हण्याला वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर काठी घेऊन उभं केलं होतं, सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघायला.

इथे सूर्य सगळ्यात वर गेला तेव्हा १२:४२. जानेवारीत मध्यान्ह आणखी दहा मिनिटं उशिरा होतो, म्हणून १२:३२ नाही. कोन १०७ अंश २ मिनिटं. अर्धा ५३ अंश ३१. नव्वदातून वजा करून त्यातून सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, वजा केली, ती आज दक्षिणेला साडेवीस अंशांच्या जरा वर. उत्तर १५ अंश ५६ मिनिटं. मोबाईल म्हणतो १५ अंश ५१. पाच सागरी मैल. माझं घर काकतीत जाऊन बसलं, पण कोल्हापूरपेक्षा बरं.

मेव्हण्याचा फोन १२:४६ ला आला. सावली म्हणे १२:४५ ला सगळ्यात आखूड झाली. आमच्यापेक्षा तीन मिनिटं उशिरा! मी गच्चीवर उडी मारली.

सेकंड_मेट
रविवार, दुपारी ४:१०

सरांचा आनंद हिरावून घ्यायचा नाही, पण मध्यान्हाला सूर्य दोन-चार मिनिटं जागच्या जागी थांबल्यासारखा असतो. काठीच्या सावलीवरून मिनिट पकडता येत नाही. म्हणून रेखांशासाठी आम्ही सकाळचा नाहीतर दुपारनंतरचा सूर्य घेतो, जेव्हा तो झपझप चढत-उतरत असतो. तीन मिनिटं जुळली तो योगायोग.

शहापूरकर
रविवार, दुपारी ४:२५

मेव्हण्याला आत्ता विचारलं. तो म्हणतो, जेवायला हाक आली म्हणून पावणेएकला काठी उचलली.

परातीत मुंग्या झाल्या आहेत. हिनं काकवी फडक्यातून गाळून घेतली आणि घारगे करायला घेतलेत. सेकंड मेट अजून इथेच आहेत, त्यांना सोडलेलं नाही.